धागा: माळ्यावर सापडलेलं पितळी टोकन आणि नाशकातले जुने व्हिडिओ गेम

गोदाकाठचा (धागाकर्ता)

मंडळी, तिवंध्याजवळचा आमचा वाडा शेवटी बिल्डरला दिला. गेले तीन रविवार माळा उपसतोय. पितळी डबे, आजोबांच्या पंचांगांची थप्पी, एक कोपरा फुगलेला कॅरम आणि त्या कॅरममागे दादाची कंपासपेटी. आत गंजलेलं कर्कटक, अर्धं खोडरबर, दहावीचं हॉल तिकीट आणि एक टोकन.

टोकन पितळी आहे, साधारण जुन्या रुपयाएवढं. एका बाजूला चांदणी, दुसऱ्या बाजूला मधोमध पन्हळीसारखी उभी खाच. नावगाव काही नाही. कडेला एक बारीक भोक आहे, सुईत ओवायच्या मण्याला असतं तसं. व्हिडिओ गेमचंच असणार हे नक्की, पण नाशकातल्या कुठल्या पार्लरचं? आमच्या वेळी, म्हणजे १९९३ ते ९७च्या आसपास, रविवार कारंजा, शालिमार, जुनं सीबीएस, सगळीकडे एकेक होतं. ओळखेल का कुणी?

मला स्वतःला आठवतं ते अंधारं दार. दहा बाय बाराचा गाळा, दाराला मळका पडदा, आत चार मशीन. दिवा लावायचे नाहीत, काचेवर उजेड पडतो म्हणून. उन्हातून आत गेलं की आधी नुसते आवाज ऐकू यायचे, मग हळूहळू पोरांच्या पाठी दिसायला लागायच्या. खिशात रुपया नसला की मी कोपऱ्यातल्या रिकाम्या मशीनपाशी उभा राहायचो. गेम स्वतःशीच चालू असायचा, 'इन्सर्ट कॉइन' लुकलुकत असायचं आणि मी दांडा हलवत राहायचो. पडद्यावरचा माणूस चुकून माझ्या हाताबरोबर उजवीकडे वळला की अंगावर मूठभर मांस चढायचं. एकदा मालकाने दंड धरून बाजूला केलं. म्हणाला, "दांडा फुकट झिजतो."

घरी मात्र व्हिडिओ गेमचा नाद फक्त मला, असाच सगळ्यांचा समज. तेव्हा आमच्याकडे सगळंच माझ्या नावावर जमा व्हायचं. काच फुटली, मी. लोणचं संपलं, मी. गॅसचा लायटर जागेवर नाही, तोही मीच. दादा म्हणजे आदर्श बालक. "तिथे वाया गेलेली पोरं जातात" हे मला त्याने किमान शंभरदा ऐकवलंय. म्हणून त्याच्या पेटीत हे टोकन पाहून जरा चक्रावलोय.

सिडकोवाला_भो

पहिला!

टोकनचं नाही सांगता येणार भो, आमच्या त्रिमूर्ती चौकाकडे सरळ रुपयाचं नाणं चालायचं. पण मुस्तफाचं नाव काढल्याशिवाय हा धागा पुढे जाऊ देणार नाही. पडद्यावर 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' असं हे मोठ्ठं नाव यायचं, पण वाचतो कोण? गाळ्यावर जाऊन "मुस्तफा रिकामा आहे का" एवढंच विचारायचं. कॅपकॉमचा १९९३चा गेम हे मला नोकरी लागल्यावर, इंटरनेट आल्यावर कळलं. त्याआधी मला तो मुंबईत कुणीतरी बनवलाय असंच वाटायचं. नावच तसं.

चार जण होते त्यात. टोपीवाला मुस्तफा धावत येऊन लाथ मारायचा, म्हणून त्याच्यावर भांडणं. धिप्पाड मेस जो शेवटी येईल त्याच्या गळ्यात. खरं तर तिघांना एकदम खेळता यायचं, पण आमच्या मशीनला दांडे दोनच. तिसरा मागे उभा राहून ओरडायचा, त्याचे पैसे नाही लागायचे.

एक सांगतो. पिंप फोडलं की कधी कधी आतून कोंबडी निघायची, ती खाल्ली की ताकद भरायची. आमच्यातला एक माळकरी घरातला. पट्टी लाल झालेली, मरायला टेकलेला, समोर कोंबडी पडलेली, आणि हा म्हणायचा, "तू घे." रुपया घालवला त्याने, पण कोंबडी नाही खाल्ली. आता मोठा कंत्राटदार आहे. आताचं विचारू नका.

मृणाल_नारोड

मुली पार्लरमध्ये जात नसत हे कोणीच लिहिणार नाही म्हणून मीच लिहिते. बिटकोजवळ एक होतं. भाऊ आत जायचा, मी बाहेर त्याचं दप्तर धरून. पडदा हलला की निळा उजेड बाहेर पडायचा, तेवढाच माझा व्हिडिओ गेम.

माझं नाण्याचं मशीन म्हणजे नाशिकरोड स्टेशनवरचा वजनकाटा. रंगीत दिवे, आत गरगरणारं चक्र, रुपया टाकला की खडाड् आवाज आणि खालच्या खोबणीत जाड पुठ्ठ्याचं तिकीट. पुढे वजन, मागे भविष्य. आम्ही बहीणभाऊ एकाच रुपयात दोघं उभे राहायचो. तिकिटावर ५३ किलो आणि दोघांत मिळून एक भविष्य: 'आप विदेश यात्रा करेंगे'. भाऊ गेला परदेशी. मी नाशिकरोडलाच. म्हणजे वाटणी झालीच म्हणायची.

बाबा प्रेसमध्ये होते. ज्या माणसाची हयात नोटा छापण्यात गेली त्याच्याकडून रुपयाचं एक नाणं काढणं किती कठीण, ते प्रेसवाल्यांच्या पोरांनाच माहीत. "नाणी आमच्याकडे होत नाहीत," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

नाणेघाट

मृणालताई, बाबांचं बरोबर होतं. नाशिकरोडला कागदाचं काम, नाणी मुंबईच्या टांकसाळीत. नाण्यावर सालाखाली पत्त्यांतल्या चौकटसारखी बारीक खूण असेल तर ते मुंबईचं, चांदणी असेल तर हैदराबादचं.

धागाकर्त्यांच्या टोकनवरची चांदणी मात्र नुसती नक्षी आहे, तिचा टांकसाळीशी संबंध नाही. अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, १९८० सालची. तिथे क्षत्रप-सातवाहनांची नाणी अभ्यासायला जगभरातून लोक येतात. मला मात्र नेहमी वाटतं की या टोकनांची कुणी साधी नोंदही केली नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या राजाचं नाणं ओळखता येतं आणि १९९५च्या रविवार कारंज्यावरचं येत नाही. वजन करून सांगता का? भोक गोल आणि स्वच्छ आहे की कडा उचललेल्या आहेत? मुळातलं असेल तर साच्यातून गुळगुळीत आलेलं असतं. नंतर पाडलं असेल तर एका बाजूला बोटाला टोचेल.

गोदाकाठचा

सोनाराकडे जाऊन वजन करणं जरा जास्त होईल :) भोक टोचतं, खाचेच्या बाजूने. नंतरच पाडलेलं दिसतंय. कंपासपेटीतल्या कर्कटकाने तर नसेल पाडलं?

सोल्डरगन

बऱ्याच वर्षांनी लॉगिन केलं, पासवर्ड शोधण्यात अर्धा तास गेला. आयटीआय झाल्यावर १९९१ ते २००२ मी नाशकात हीच मशीनं दुरुस्त केली. आधी खाच, मग भोक.

आपल्याकडे कॉइनची तोंडं बहुतेक बाहेरच्या नाण्यांसाठी बनलेली यायची. आत उतरती नळी, तिच्या कडेला एक लोहचुंबक. कुणी लोखंडाची चकती टाकली तर चुंबक तिला धरून ठेवतं, खरं नाणं सरळ खाली जातं. खाली स्विचची एक लांब तार असते. नाणं तिला घासून गेलं की टिक, बोर्डाला कळतं एक कॉइन पडलं. आपला जुना रुपया कुप्रोनिकेलचा, २६ मिलिमीटर, ६ ग्रॅम, चुंबकाला न चिकटणारा. त्याला काही त्रास नव्हता. १९९२ला नवा रुपया आला, स्टीलचा, २५ मिलिमीटर, पाच ग्रॅमलाही कमी, आणि चुंबकाला चिकटणारा! घरात असेल तर आत्ता फ्रिजवरचं चुंबक लावून बघा. मशीनच्या लेखी भारत सरकारचा रुपया खोटा ठरला. वर्षभर मला एकच काम होतं, चुंबक काढा आणि नळी घट्ट करा. चुंबक काढला की सायकलच्या दुकानातले वायसर पडायला लागले. गल्ला उघडला की निम्मे वायसर.

म्हणून ज्यांना परवडलं ते टोकनावर गेले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मी स्वतः पोत्यात घालून आणायचो. चांदणीवालं टोकन तयार मिळायचं, त्यामुळे चांदणीवरून दुकान सांगता येणार नाही. खाच मात्र कामाची. नळीच्या तोंडात खाचेत बसेल अशी बारीक पट्टी असते, खाच नसलेली चकती तिथेच अडते. गावात खाचेचं तोंड मी दोनच ठिकाणी बसवलं होतं. एक रविवार कारंज्याजवळ, एक कॉलेज रोडला. तिवंध्याचं पोरगं कॉलेज रोडला चालत जाणार नाही.

आता भोक. साहेब, वाईट वाटून घेऊ नका. ते दोऱ्याचं आहे. मांज्याचा दोरा ओवायचा, टोकन सोडायचं, तारेला घासून टिक झालं की अलगद वर ओढायचं, परत सोडायचं. एका टोकनात पाहिजे तितके कॉइन. दाढीच्या ब्लेडचा तुकडा नळीत आडवा बसवून मी असे कितीतरी दोरे कापलेत. तुमच्या बंधूंचा कापलेला दिसत नाही. हात हलका होता त्यांचा.

गोदाकाठचा

माझा दादा ऑडिटर आहे हो. पुण्यात. पेट्रोलच्या बिलावर तारीख पुसट दिसली तरी परत पाठवणारा माणूस.

सिडकोवाला_भो

😂😂 भो, म्हणूनच झाला ना ऑडिटर. कुठून गळतं ते माहीत पाहिजे.

खडूस_मास्तर

या धाग्यावर सगळेच खेळणारे दिसतात. मी पकडणारा. गावातल्या एका शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं. दर बुधवारी शेवटच्या तासाला बाकं रिकामी, कारण त्या दिवशी आठवडे बाजार, वडील दुकानात, रस्ता मोकळा. मी सायकल काढून पार्लरच्या दारात. पडदा बाजूला केला की एकदम शांतता, फक्त मशीन ओरडतंय. पाठमोऱ्या पोरांची नावं मी नुसत्या कॉलरवरून सांगायचो.

एक कबुली. एकदा आत कोणीच नव्हतं, मालक चहाला गेलेला. मी रुपया टाकला. बर्फाचे गोळे करणारे दोन बुटके होते, राक्षसाला गोळा करून ढकलायचं असतं म्हणे. मला वीस सेकंदांत तीनदा मारलं. मागून आवाज आला, "सर, उडी मारा ना." आठवी ब. त्याला मी शिक्षा केली नाही आणि त्याने वर्गात सांगितलं नाही. वर्षभर आम्ही एकमेकांशी जरा जपूनच वागलो.

तरीही माझं मत बदललेलं नाही. पोरं घरातून पैसे चोरायची. हे आठवणींमध्ये कुणी लिहीत नाही.

टोकियोत_नाशिककर

मास्तर, तो स्नो ब्रदर्स. १९९०चा, तोआप्लानचा. उडी मारायलाच हवी होती :)

मी इकडे आल्यावर पहिल्या महिन्यात अकिहाबारातल्या एका गेम पार्लरला गेलो. आत दिवे, एसी, नाणी सुटी करून देणारं यंत्र, शंभर येनचं नाणं. स्पेस इन्व्हेडर्स आला १९७८ला, तेव्हा जपानात शंभर येनची नाणी कमी पडली असं सांगतात. ती दंतकथा आहे, पण इथलेही लोक ती आनंदाने सांगतात. दंतकथा नाही ती गोष्ट याहून भारी. वरून येणारे ते परग्रहावरचे जसे मरत जातात तसे उरलेले वेगाने सरकतात. गेम बनवणाऱ्या निशिकादोने ते मुद्दाम केलं नव्हतं. त्या वेळच्या चिपला सगळे काढायला वेळ लागायचा, कमी उरले की भराभर काढता यायचे. त्याने ते तसंच ठेवलं. शेवटचा एकटा उरलेला कसा सैरावैरा धावतो आठवतंय?

सगळं होतं तिथे. नव्हतं ते मागून मानेवर श्वास सोडणारं कोणी. जपान्यांचं कसं, एक जण खेळतो आणि बाकीचे लांब, शिस्तीत. आपल्याकडे एकाच्या रुपयात सात जण खेळायचे. मी पूर्ण गेम संपवला, शेवटची नावं वर सरकली आणि मागे वळलो तर कोणीच नाही. बाहेर येऊन पाववडा शोधत होतो, तो कुठला मिळायला.

सोल्डरगन

मास्तर, पोरांनी पैसे चोरले असतील, पण त्यांचेही चोरले गेलेत. बोर्डावर बारीक स्विचांची एक पट्टी असते, डिप स्विच. किती लाईफ द्यायच्या, गेम किती अवघड ठेवायचा, सगळं तिथे. शाळांना सुट्टी लागली की मालकांचा निरोप यायचा, "पोरं फार टिकायला लागलीत, जरा कडक करून जा." मी दोन स्विच उलटे करायचो. दुसऱ्या दिवशी तीच पोरं, तेच मशीन, अर्ध्या वेळेत खलास. बिचारी एकमेकांना म्हणायची, "आज हात चालत नाही यार." पंचवीस रुपये घ्यायचो मी त्या कामाचे. आज आठवलं की जरा कसंतरी होतं.

पोरांनीही फेड केली म्हणा. दोऱ्याचा जमाना गेल्यावर लायटर आला. सिगारेटचा नाही, गॅसचा, टक्-टक् करणारा. आतल्या स्फटिकावर हातोडी बसते आणि हजारो व्होल्टची ठिणगी पडते. कॉइनच्या पत्र्यापाशी धरून दाबला की झटका वायरिंगमध्ये शिरायचा आणि बोर्डाला वाटायचं नाणं पडलं. कधी एक कॉइन, कधी एकदम नऊ, कधी गेमच गोठायचा. पत्र्याला नीट अर्थिंग दिलं की थांबायचं. पण मालक अर्थिंगला पैसे देईनात, त्यापेक्षा दारात झडती घ्यायचे. दहावीची पोरं भर उन्हाळ्यात मोज्यात लायटर घालून यायची.

मृणाल_नारोड

सोल्डरगनदादा, एक विचारू? डोंगरे वसतिगृहाच्या मैदानावर आनंद मेळा लागायचा, तिथे स्टेअरिंगचा गाडीचा खेळ होता. बाबांनी एकदाच बसवलं. माझे पाय ब्रेकपर्यंत पोचेनात, म्हणून मी ब्रेक न लावता खेळले आणि सगळे म्हणाले काय धाडसी आहे. तेही तुमचंच का?

सोल्डरगन

मेळ्याची मशीनं बाहेरगावची, त्यांचे मेकॅनिक बरोबर असायचे. पण एकदा रात्री मला बोलावलं होतं, स्टेअरिंग डावीकडे वळेना. आत उसाचं चिपाड निघालं.

पंचवटीकर

उशिरा आलो. मशीनं शेवटी कुठे गेली याचं एक उत्तर माझ्याकडे आहे. घरोघरी टीव्हीला लावायचे गेम आले, 'नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव इन वन' कॅसेट, त्यात खरे गेम वीस. मग सायबर कॅफे, मग प्लेस्टेशन, तासाला दहा रुपये. नाण्याचे गेम बंद पडत गेले. सराफ बाजाराच्या बोळातल्या एका मालकाने तीन मशीनं खालच्या गाळ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. कुणी घेईना, टाकवेना.

सप्टेंबर २००८चा पूर आठवतो ना? गोदेच्या पात्रातला दुतोंड्या मारुती बुडाला की बोळातले लोक माल वर चढवायला लागतात, वहिवाटच आहे. त्या दिवशी सगळ्यांनी आधी सोनंनाणं हलवलं, मशीनं कोण उचलणार? पाणी ओसरल्यावर आम्ही पोरं गाळ काढायला गेलो. प्लायवूड फुगून पानांसारखं सुटलं होतं. एकाचा गल्ला मी पहारीने उघडला, आत चिखलात रुतलेले तेवीस रुपये. मालकाने ते धुतले, मोजले आणि आम्हाला भजी आणायला दिले. ती त्या मशीनची शेवटची कमाई.

सिडकोवाला_भो

ते समदं ठीक, पण धागाकर्ते, दादाला फोन केला का नाही? लोक वाट बघू राहिले.

गोदाकाठचा

केला. आधी टोकनचा फोटो पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या आणि पंधरा मिनिटं काही नाही. मग त्याचाच फोन. "माळा आवरताना दुसऱ्याच्या वस्तू उघडायच्या नसतात" इथून सुरुवात. मी म्हटलं, दादा, भोक कर्कटकाने पाडलंस का? थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "कर्कटक वाकलं त्यात. खिळ्याने पाडलं." रविवार कारंज्याचंच टोकन, सोल्डरगन यांना पैकीच्या पैकी.

मी विचारलं, दोरा कधी कापला गेला नाही? तर ऑडिटर साहेब म्हणतात, "दोन महिनेच वापरला. त्यात जोखीम होती. नंतर लायटर आणला ना."

मला तीन सेकंद लागले. मग विचारलं, "कुठून आणला?"

फोन कट.

मृणाल_नारोड

अरे देवा. आईंना सांगितलंत?

गोदाकाठचा

शेजारीच बसलीये. पूर्ण धागा मोठ्याने वाचून दाखवला, चष्मा सापडत नव्हता तिला. सोल्डरगन यांचा मोज्यांचा भाग दोनदा वाचायला लावला. मग भाजी निवडता निवडता म्हणाली, "तीन लायटर आणले होते मी त्या वर्षी."